नोंदकार्ड पद्धती

नोंदकार्ड पद्धती ही वाचन, निरीक्षण किंवा चिंतन यांतून मिळालेली माहिती एकाच मापाच्या सुट्या कार्डांवर टिपून ठेवण्याची पद्धत होय. प्रत्येक कार्डावर एकच मुद्दा लिहिला जातो. ही कार्डे ठरावीक क्रमाने पेटीत किंवा खणात लावली जातात आणि गरजेनुसार त्यांची फेरमांडणी करता येते. ग्रंथसूची, शब्दकोश, इतिहाससंशोधन, समाजशास्त्र, निसर्गविज्ञान आणि ललित लेखन अशा विविध क्षेत्रांत सोळाव्या शतकापासून या पद्धतीचा वापर झालेला आढळतो. वहीत टिपणे ज्या क्रमाने लिहिली त्याच क्रमाने राहतात. कार्डांचा क्रम मात्र केव्हाही बदलता येतो. हे या पद्धतीचे मुख्य सामर्थ्य आहे. मात्र सुटे झालेले टिपण आपल्या मूळ संदर्भापासून तुटू शकते, चुकीच्या जागी जाऊ शकते किंवा हरवू शकते. म्हणून कार्डावर आधाराची नोंद करणे आणि कार्ड योग्य जागी परत ठेवणे या शिस्तीला या पद्धतीत मध्यवर्ती स्थान आहे.

संज्ञा व स्वरूप

मराठीत अशा नोंदीला टिपण, टाचण, नोंदपत्र किंवा नुसते कार्ड असे म्हटले जाते. शब्दकोशाच्या कामात 'चिठ्ठी' किंवा 'स्लिप' हे शब्द रूढ आहेत, तर ग्रंथालयशास्त्रात 'तालिकापत्र' हा शब्द वापरला जातो. जर्मन भाषेत अशा संग्रहाला 'झेटेलकास्टन' म्हणजे चिठ्ठ्यांची पेटी म्हणतात. फ्रेंचमध्ये कार्डाला 'फिश' असा शब्द आहे.

ग्रंथालयाचे तालिकापत्र आणि अभ्यासकाचे नोंदकार्ड यांचे माप व मांडणी सारखी असली तरी त्यांचे काम वेगळे असते. तालिकापत्र ग्रंथ कोठे आहे ते सांगते. नोंदकार्ड त्या ग्रंथातून अभ्यासकाने काय घेतले ते सांगते. पाठांतरासाठी एका बाजूला प्रश्न व दुसऱ्या बाजूला उत्तर लिहून केलेली कार्डे हा तिसरा प्रकार आहे. जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ मध्ये कप्प्यांच्या पेटीच्या साहाय्याने अशा कार्डांची उजळणी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. प्रस्तुत लेखात मुख्यतः दुसऱ्या प्रकाराचा, म्हणजे अभ्यासाच्या नोंदकार्डांचा, विचार केला आहे.

इतिहास

वहीकडून सुट्या कागदाकडे

युरोपात प्रबोधनकाळातील विद्यार्थी आणि विद्वान वाचनातील वेचे विषयवार वहीत उतरवून ठेवत. मराठी हस्तलिखित परंपरेतील बाडांतही निरनिराळ्या ठिकाणची पदे, श्लोक व टिपणे एकत्र उतरवलेली आढळतात. अशा वहीची अडचण उघड होती. एखाद्या विषयासाठी राखलेली पाने भरली की पुढील मजकूर भलतीकडे लिहावा लागे आणि तो शोधणे कठीण होई. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६८६ मध्ये प्रसिद्ध केलेली वहीच्या अनुक्रमणिकेची पद्धत हा याच अडचणीवरचा एक उपाय होता.

दुसरा उपाय त्याआधीच सुचवला गेला होता. झुरिक येथील निसर्गवैज्ञानिक व ग्रंथसूचिकार कॉन्राड गेस्नर (१५१६–१५६५) यांनी १५४५ मध्ये 'बिब्लिओथेका युनिव्हर्सालिस' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. लॅटिन, ग्रीक व हिब्रू भाषांतील सुमारे ३,००० ग्रंथकारांची ती सूची होती. १५४८ च्या 'पांडेक्टे' या पुढील ग्रंथात त्यांनी अनुक्रमणिका तयार करण्याची रीत सांगितली आहे. चांगल्या कागदाच्या एकाच बाजूस नोंदी लिहाव्यात, नंतर त्या कापून सुट्या कराव्यात, विषयवार लावून पाहाव्यात आणि क्रम पक्का झाल्यावर चिकटवाव्यात, असे या रीतीचे स्वरूप होते. इटलीतील बोलोन्या येथील उलिसे आल्द्रोवांदी यांनीही चिठ्ठ्या चिकटवून ८३ खंडांचा हस्तलिखित ज्ञानसंग्रह तयार केला. या टप्प्यावर चिठ्ठी हे तात्पुरते साधन होते. अंतिम रूप बांधीव ग्रंथाचेच असे.

चिठ्ठ्या कायम सुट्याच ठेवण्याची कल्पना सतराव्या शतकात पुढे आली. इंग्लंडमधील टॉमस हॅरिसन यांनी १६४० च्या दशकात एका कपाटाची योजना मांडली. त्या कपाटात विषयशीर्षके वर्णक्रमाने लावलेली असत आणि प्रत्येक शीर्षकाखालील आकड्यात संबंधित चिठ्ठ्या अडकवता येत. हँबुर्ग येथील व्हिन्सेंट प्लाकसियस यांनी १६८९ मध्ये टिपणे काढण्याच्या कलेवर लिहिलेल्या ग्रंथात या कपाटाचे सचित्र वर्णन दिले. तत्त्वज्ञ व गणितज्ञ गॉटफ्रीड लाइबनिझ यांच्याकडे याच प्रकारचे कपाट होते असे सांगितले जाते.

वनस्पती व प्राणी यांच्या शास्त्रीय नामकरणाची पद्धत रूढ करणारे स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस (१७०७–१७७८) यांनी १७६० च्या दशकात एकाच मापाच्या सुट्या कागदांवर नोंदी ठेवण्यास आरंभ केला. जगाच्या निरनिराळ्या भागांतून नवनव्या जातींची माहिती सतत येत होती आणि बांधीव वहीत ती योग्य जागी घालणे अशक्य झाले होते. त्यांच्या एक हजाराहून अधिक चिठ्ठ्या लंडनच्या लिनियन सोसायटीत जतन केलेल्या आहेत. त्यांचे माप सुमारे ७.५ × १३ सेंमी, म्हणजे पुढे प्रचारात आलेल्या प्रमाणित कार्डाच्या जवळचे आहे.

पत्ते, ग्रंथालये व प्रमाणित माप

अठराव्या शतकात खेळण्याच्या पत्त्यांची मागील बाजू कोरी असे. पत्ते जाड, टिकाऊ आणि एकाच मापाचे असल्याने फ्रान्समध्ये त्यांचा नोंदींसाठी उपयोग झाला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनांची सूची तयार करताना फ्रांस्वा रोझिए यांनी १७७५ च्या सुमारास पत्ते वापरले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर जप्त केलेल्या ग्रंथसंग्रहांची गणती करण्यासाठी १७९१ मध्ये निघालेल्या शासकीय सूचनांतही पत्त्यांच्या कोऱ्या बाजूवर ग्रंथाची माहिती लिहून ते वर्णक्रमाने लावण्याचा आदेश होता.

दरम्यान व्हिएन्नाच्या राजदरबारी ग्रंथालयात गॉटफ्रीड व्हान स्वीटन यांच्या देखरेखीखाली १७८० पासून चिठ्ठ्यांवर तालिका तयार करण्यात आली. बांधीव तालिका करण्याची पूर्वतयारी म्हणून हे काम सुरू झाले होते. परंतु चिठ्ठ्यांची संख्या सुमारे तीन लाखांवर गेली आणि त्या २०५ पेट्यांत तशाच ठेवून वापरात आल्या. ग्रंथालयाच्या कार्ड-तालिकेचे हे आरंभीचे महत्त्वाचे उदाहरण मानले जाते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकन ग्रंथपाल मेल्व्हिल ड्यूई यांनी ग्रंथालयांसाठी लागणारे साहित्य एकाच मापात पुरवण्याचा उद्योग उभारला. त्यातून ७.५ × १२.५ सेंमी (सुमारे ३ × ५ इंच) हे कार्डाचे माप सर्वत्र पसरले. कार्डाच्या तळाशी भोक पाडून त्यातून खणातील सळई ओवली जाई. त्यामुळे वाचकाला कार्डे चाळता येत, पण ती काढून नेता येत नसत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९०१ मध्ये छापील तालिकापत्रांची विक्री सुरू केली. कार्डे व खण सहज विकत मिळू लागल्यावर कार्यालये, व्यापारी पेढ्या आणि अभ्यासक यांनीही तेच साहित्य स्वीकारले.

बडोदा संस्थानात महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना पाचारण करून सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था उभारली. पुढे एस. आर. रंगनाथन यांनी द्विबिंदू वर्गीकरण (१९३३) आणि तालिकासंहिता (१९३४) सिद्ध करून भारतीय ग्रंथालयशास्त्राचा पाया घातला. ७.५ × १२.५ सेंमी मापाचे तालिकापत्र भारतातील ग्रंथालयांत अनेक दशके नित्याचे होते.

कार्डांवर जगातील सर्व प्रकाशित ज्ञानाची सूची करण्याचा प्रयत्न बेल्जियममध्ये झाला. पॉल ऑत्ले आणि आंरी ला फाँतेन यांनी १८९५ मध्ये ब्रसेल्स येथे सार्वत्रिक ग्रंथसूचीचे काम आरंभले. या सूचीतील कार्डांची संख्या पुढे दीड कोटीवर गेली. तिचे अवशेष मॉन्स येथील मुंदानेउम या संग्रहालयात आहेत.

शब्दकोशातील चिठ्ठ्या

ऐतिहासिक तत्त्वांवर रचलेल्या शब्दकोशात प्रत्येक शब्दाचा अर्थ कालक्रमाने बदलत कसा गेला हे मूळ अवतरणांच्या आधारे दाखवायचे असते. त्यासाठी एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य आणि ग्रंथाचा तपशील अशी नोंद केली जाते. वर्णक्रमाने लावल्यावर एकाच शब्दाची सर्व अवतरणे एकत्र येतात. ती कालक्रमाने लावली की अर्थाचा इतिहास समोर येतो.

'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी' हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. या कोशाचा प्रस्ताव १८५७ मध्ये पुढे आला. १८७९ मध्ये जेम्स मरे यांनी संपादनाची सूत्रे घेतली आणि घराच्या आवारात पत्र्याचे एक दालन उभारून त्यात चिठ्ठ्यांसाठी हजाराहून अधिक कप्पे करवून घेतले. अनेक देशांतील स्वयंसेवक वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्यांची संख्या सुमारे ५० लाख होती. कोशाची पहिली आवृत्ती १९२८ मध्ये पूर्ण झाली.

सुट्या कागदाचा धोकाही याच कामात दिसून आला. 'बाँडमेड' (दासी) या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्याने तो शब्द संबंधित खंडात छापलाच गेला नाही. १९३३ च्या पुरवणीत त्याचा समावेश करावा लागला. वहीतील पान गहाळ झाले तर शिवणीत त्याची खूण उरते. चिठ्ठी हरवली तर ती होती हेही कळत नाही. कोशकार्यालयांत चिठ्ठ्यांची मोजदाद व तपासणी यांसाठी कडक नियम असण्याचे कारण हेच आहे.

जर्मनीत १८९४ पासून चालू असलेल्या लॅटिन महाकोशासाठी म्युनिक येथे सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह आहे.

पुणे येथील संस्कृत महाकोश

महाराष्ट्रात या पद्धतीचा सर्वांत मोठा उपयोग पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये झाला आहे. भाषाशास्त्रज्ञ सु. मं. कत्रे यांच्या पुढाकाराने १९४८ मध्ये तेथे ऐतिहासिक तत्त्वांवर आधारित संस्कृत–इंग्रजी महाकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून अर्वाचीन काळापर्यंतचे वेद, दर्शने, व्याकरण, काव्य, धर्मशास्त्र, वैद्यक, गणित, शिल्पशास्त्र इत्यादी विषयांवरील सुमारे १,५०० ग्रंथ वाचून त्यांतील शब्द चिठ्ठ्यांवर उतरवण्यात आले. हे वेचणीचे काम सुमारे २५ वर्षे, १९७३ पर्यंत, चालले. त्यातून सुमारे एक कोटी चिठ्ठ्यांचा संग्रह तयार झाला. हा संग्रह ज्या दालनात लोखंडी खणांच्या कपाटांतून ठेवला आहे, त्यास 'स्क्रिप्टोरियम' म्हणतात.

कोशाचा पहिला भाग १९७६ मध्ये अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. कोशाच्या पहिल्या ३५ खंडांचा आवाका 'अ' या आद्याक्षराच्या शब्दांपुरताच आहे, यावरून कामाच्या व्याप्तीची कल्पना येते. एका चिठ्ठीचे मोल येथे विशेष स्पष्ट होते. चिठ्ठी लिहिणारा अभ्यासक आणि काही दशकांनी ती उघडून शब्दाचा अर्थ ठरवणारा संपादक यांची बहुधा कधी भेट झालेली नसते. चिठ्ठीवर ग्रंथ, स्थळ व पाठ अचूक लिहिला असेल तरच ती उपयोगी पडते. काळाच्या ओघात कागद ठिसूळ होत असल्याने या चिठ्ठ्यांचे अंकीकरणही हाती घेण्यात आले आहे.

इतिहास व सामाजिक शास्त्रे

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुटी टिपणे हा इतिहाससंशोधकाच्या प्रशिक्षणाचा भाग बनला. शार्ल-व्हिक्तोर लांग्ल्वा आणि शार्ल सेन्योबोस यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासाभ्यासाच्या पाठ्यपुस्तकात वहीऐवजी सुटे कागद वापरण्याची आणि प्रत्येक कागदावर आधाराची नोंद करण्याची शिफारस केली आहे. इंग्लंडमधील समाजशास्त्रज्ञ बिॲट्रिस वेब यांनी १९२६ च्या आपल्या आत्मचरित्राला टिपणे काढण्याच्या कलेवर परिशिष्ट जोडले. एका कागदावर एकच घटना, एकच स्थळ, एकच काळ आणि एकच आधार हा नियम त्यांनी आग्रहाने मांडला. तेच कागद एकदा कालक्रमाने, एकदा स्थळवार आणि एकदा कारणांनुसार लावून पाहिले असता पूर्वी लक्षात न आलेले संबंध दिसू लागतात, असा त्यांचा अनुभव होता.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सी. राइट मिल्स यांनी १९५९ मध्ये आणि इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी प्रबंधलेखनावरील १९७७ च्या पुस्तकात टिपणांच्या संग्रहाविषयी विस्ताराने लिहिले. एको यांचे पुस्तक संगणकपूर्व काळातील असूनही विद्यार्थ्यांत वाचले जाते.

निक्लास लुमान यांचा संग्रह

जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लुमान (१९२७–१९९८) यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभापासून सुमारे ९०,००० चिठ्ठ्यांचा संग्रह केला. त्यांच्या मांडणीचे वैशिष्ट्य असे की चिठ्ठ्या ठरावीक विषयशीर्षकांखाली लावलेल्या नव्हत्या. प्रत्येक चिठ्ठीला कायमचा क्रमांक दिलेला असे आणि नवी चिठ्ठी ज्या विचारातून निघाली त्याच्या मागे ठेवली जाई. उदाहरणार्थ, २१ या चिठ्ठीतून फुटलेल्या विचाराला २१क, त्यातून पुढे निघालेल्याला २१क१, अशा प्रकारे फांदीला फांदी फुटत जाई. त्यामुळे कोणत्याही दोन चिठ्ठ्यांच्या मध्ये नव्या चिठ्ठीला जागा मिळू शके. दूरच्या चिठ्ठ्यांचे क्रमांक मजकुरात नोंदवून त्यांचे परस्परसंबंध जोडले जात. वेगळी शब्दसूची प्रवेशद्वाराचे काम करी.

आपली पेटी ही केवळ स्मरणाची मदतनीस नसून संवादातील सहकारी आहे, असे मत त्यांनी १९८१ च्या निबंधात मांडले. लिहिताना मनात नसलेले संबंध ती दाखवून देते, असा त्यामागील आशय होता. हा संग्रह आता बीलेफेल्ड विद्यापीठाकडे असून त्याचे अंकीकरण टप्प्याटप्प्याने केले जात आहे.

ललित लेखन

कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह आपल्या कादंबऱ्या कार्डांवर लिहीत. प्रसंग आरंभापासून क्रमाने न लिहिता सुचेल तो लिहावा आणि कार्डे नंतर लावावीत, अशी त्यांची रीत होती. त्यांच्या मृत्यूनंतर (१९७७) एका अपुऱ्या कादंबरीची १३८ कार्डे मागे राहिली. ती नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. तरीही २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. लेखकाला अभिप्रेत असलेला अंतिम क्रम निश्चितपणे कळत नसल्याने छापील पुस्तकात कार्डांच्या प्रतिकृती सुट्या करता येतील अशा दिल्या होत्या. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी आयुष्यभर अशी टिपणे ठेवली. आईच्या निधनानंतर त्यांनी सुट्या कागदांवर केलेल्या नोंदीही २००९ मध्ये ग्रंथरूपाने आल्या.

कार्यपद्धती

साहित्य

साधारणपणे ३ × ५ इंच, ४ × ६ इंच किंवा ए-६ (१०.५ × १४.८ सेंमी) या मापाची कार्डे वापरली जातात. लहान कार्डावर मजकूर आपोआप आटोपशीर राहतो. मोठे कार्ड लांब अवतरणासाठी सोयीचे पडते. मात्र एका संग्रहात एकच माप ठेवणे आवश्यक असते, अन्यथा लहान कार्डे मोठ्यांच्या मागे दडतात. जाड कागदाचे कार्ड उभे राहते व चाळण्यास सोपे जाते, परंतु जागा अधिक व्यापते. लुमान यांच्यासारखे काही अभ्यासक साधा कागदच वापरत.

कार्डांचे प्रकार

अभ्यासाच्या संग्रहात सामान्यतः पुढील प्रकार आढळतात:

संदर्भकार्ड – ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, स्थळ, वर्ष व ग्रंथालयातील दाखल क्रमांक. प्रत्येक ग्रंथासाठी एकच कार्ड.
अवतरणकार्ड – मूळ मजकूर जसाच्या तसा, अवतरणचिन्हांत, पृष्ठांकासह.
सारांशकार्ड – ग्रंथातील मुद्दा अभ्यासकाच्या शब्दांत, पृष्ठांकासह.
विचारकार्ड – अभ्यासकाची स्वतःची शंका, अनुमान किंवा तुलना.
पाहा-कार्ड – एका शीर्षकावरून दुसऱ्या शीर्षकाकडे नेणारी नोंद.

अवतरण, सारांश व स्वतःचा विचार यांतील भेद कार्डावर स्पष्ट दिसणे फार महत्त्वाचे असते. काही महिन्यांनी कार्ड पाहताना मजकूर कोणाचा हे आठवत नाही. अवतरणचिन्ह राहून गेले असेल तर दुसऱ्याचे वाक्य नकळत स्वतःचे म्हणून प्रबंधात जाते आणि वाङ्मयचौर्याचा दोष पदरी येतो. यासाठी काही अभ्यासक वेगळ्या रंगाची शाई वापरतात, तर काही स्वतःच्या विचारापुढे आद्याक्षरे लिहितात.

कार्डाची रचना

१८७५ मधील दख्खनच्या शेतकरी उठावाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याचे कार्ड पुढीलप्रमाणे असू शकते:

शीर्षक: कर्जरोखे – जाळपोळ – सुपे
नोंद: १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे ताब्यात घेऊन जाळले.
आधार: ग्रंथाचे संक्षिप्त नाव, वर्ष, पृष्ठांक
स्वतःचा विचार: रोख माणसांपेक्षा कागदपत्रांवर अधिक दिसतो. न्यायालयीन हुकूमनाम्यांशी संबंध तपासणे.
पाहा: न्यायालये; १८७९ चा कायदा

अशी कार्डे तारखेनुसार लावली की उठाव एका गावातून दुसऱ्या गावात कसा पसरला ते दिसते. गावांनुसार लावली की कोणत्या भागात काय घडले ते कळते. 'सावकारी', 'न्यायालये', 'शेतसारा' अशा शीर्षकांनुसार लावली की कारणांची तुलना करता येते. वरील कार्डावरील विचार आणि कर्जव्यवहाराची मागील हकीकत तपासण्याचा अधिकार न्यायालयांना देणारा १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा यांची कार्डे शेजारी आली, म्हणजे प्रकरणाचा एक मुद्दा तयार होतो. एकाच कार्डावर तारीख, कारण आणि कायदा असे तिन्ही विषय लिहिले असते, तर ही फेरमांडणी शक्य झाली नसती.

मजकूर सहसा कार्डाच्या एकाच बाजूस लिहितात. मागील बाजू वापरल्यास कार्डे टेबलावर पसरून पाहताना अर्धा मजकूर दिसत नाही.

क्रम व मांडणी

शीर्षकांचा वर्णक्रम, कालक्रम, वर्गीकरणाचे क्रमांक किंवा लुमान यांच्यासारखे फुटत जाणारे क्रमांक यांपैकी एक पद्धत निवडावी लागते. मराठी संग्रहात वर्णक्रम लावताना काही निर्णय आरंभीच घेणे आवश्यक ठरते. अनुस्वारयुक्त अक्षरांचे स्थान कोणते, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांना 'क' व 'ज' खाली घ्यावे की वर्णमालेच्या शेवटी, 'ळ' कोठे ठेवावा, याबाबत कोशांकोशांत भिन्न प्रथा आढळतात. निवडलेली प्रथा पहिल्या खणात एका कार्डावर लिहून ठेवल्यास पुढे गोंधळ होत नाही.

व्यक्तिनामांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. मराठीत आडनाव प्रथम घेण्याचा प्रघात आहे. परंतु अनेक लेखक टोपणनावानेच ओळखले जातात. 'केशवसुत' या नावाखाली 'पाहा: दामले, कृष्णाजी केशव' किंवा 'कुसुमाग्रज' या नावाखाली 'पाहा: शिरवाडकर, वि. वा.' असे पाहा-कार्ड ठेवले, तर एकाच लेखकाची टिपणे दोन ठिकाणी विखुरत नाहीत. संतांच्या नावांचीही अनेक रूपे प्रचलित असल्याने (उदा. ज्ञानेश्वर, ज्ञानदेव) एक रूप मुख्य मानून उरलेल्यांची पाहा-कार्डे करतात.

एखादे कार्ड बाहेर काढताना त्या जागी वेगळ्या रंगाची खूणचिठ्ठी ठेवण्याची प्रथा आहे. चुकीच्या जागी गेलेले कार्ड मोठ्या संग्रहात जवळपास हरवल्यासारखेच असते.

टिपणांकडून लेखनाकडे

लेखनाच्या वेळी संबंधित कार्डे काढून टेबलावर पसरतात आणि त्यांचे गट पाडतात. कोणत्या गटात आधार भरपूर आहेत व कोणत्या गटात एखादेच कार्ड आहे हे लगेच लक्षात येते; पुढील वाचनाची दिशा त्यावरून ठरते. परस्परविरोधी माहितीची कार्डे शेजारी ठेवल्याने आधारांची तुलना करता येते. अंतिम क्रम लागल्यावर कार्डांवरील पृष्ठांकांवरून तळटिपा व संदर्भसूची तयार करता येतात.

मर्यादा व टीका

टिपणे जमवणे हेच साध्य होऊन बसण्याचा धोका या पद्धतीत असतो. ब्रिटिश इतिहासकार लॉर्ड ॲक्टन (१८३४–१९०२) यांनी स्वातंत्र्याच्या इतिहासासाठी आयुष्यभर विपुल टिपणे जमवली, परंतु तो ग्रंथ लिहून झाला नाही. त्यांची टिपणे केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. फ्रेंच कादंबरीकार आनातोल फ्रान्स यांनी १९०८ च्या 'पेंग्विन आयलंड' या उपरोधिक कादंबरीच्या प्रस्तावनेत स्वतःच्याच कार्डांच्या लोंढ्यात बुडून मरणारा एक विद्वान रंगवला आहे.

दुसरा आक्षेप संदर्भ तुटण्याविषयीचा आहे. ग्रंथातील एक वाक्य कार्डावर आले की त्याच्या मागचा-पुढचा युक्तिवाद निसटतो. लेखकाने खंडन करण्यासाठी मांडलेले मत त्याचेच मत म्हणून उद्धृत होऊ शकते. म्हणून महत्त्वाचे अवतरण वापरण्यापूर्वी मूळ ग्रंथ पुन्हा पाहावा असे संशोधनपद्धतीच्या पुस्तकांत सांगितलेले असते. आरंभीच ठरवलेली शीर्षकेही विचाराला साचेबंद करू शकतात. अभ्यास पुढे गेल्यावर जुनी शीर्षके अपुरी पडतात आणि शेकडो कार्डांवरील शीर्षके बदलणे जिकिरीचे होते. याशिवाय कागदी संग्रहाची बहुधा एकच प्रत असते. आग, पाणी, वाळवी किंवा स्थलांतर यांत ती नष्ट होण्याची भीती राहते.

संगणकयुगातील स्थिती

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्रंथालयांच्या तालिका संगणकावर गेल्या. अनेक ठिकाणी जुनी तालिकापत्रे टाकून देण्यात आली. अमेरिकन लेखक निकल्सन बेकर यांनी १९९४ मध्ये यावर टीका करताना, कार्डांवर ग्रंथपालांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या दुरुस्त्या व टिपा संगणकीय नोंदीत उतरलेल्या नाहीत, याकडे लक्ष वेधले. ग्रंथालयांना छापील तालिकापत्रे पुरवणाऱ्या ओसीएलसी या अमेरिकन संस्थेने २०१५ मध्ये त्यांची छपाई थांबवली.

कार्डाची कल्पना मात्र संगणकातही टिकून राहिली. ॲपल कंपनीच्या १९८७ च्या 'हायपरकार्ड' या आज्ञावलीत माहिती परस्परांशी जोडलेल्या कार्डांच्या रूपात ठेवली जाई. वॉर्ड कनिंगहॅम यांनी हायपरकार्डमध्ये केलेल्या प्रयोगाचा धागा पुढे त्यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या पहिल्या विकीपर्यंत जातो. संदर्भ नोंदवण्यासाठी 'झोटेरो' आणि जोडलेल्या टिपणांसाठी 'ऑब्सिडियन' यांसारखी साधने आज वापरली जातात. लुमान यांच्या पद्धतीविषयी एकविसाव्या शतकात वाढलेले कुतूहल अशा साधनांमुळेच अधिक पसरले.

संगणकामुळे शोध तत्काळ होतो, एकच टिपण अनेक शीर्षकांखाली दिसू शकते आणि प्रती काढणे सोपे असते. तथापि मजकूर उचलून चिकटवणेही तितकेच सोपे झाल्याने अवतरण व स्वतःचे लेखन यांतील सीमारेषा पुसट होण्याचा धोका वाढला आहे. हाताने कार्ड लिहिताना मजकूर निवडावा व आटोपशीर करावा लागतो, आणि ही निवड हाच आकलनाचा पहिला टप्पा असतो. साधन कागदी असो वा संगणकीय, एका नोंदीत एकच मुद्दा, प्रत्येक नोंदीस आधार आणि दुसऱ्याच्या व स्वतःच्या शब्दांतील स्पष्ट भेद हे तीन नियम दोन्हीकडे सारखेच लागू पडतात.

हेही पहा

ग्रंथालय तालिका
ग्रंथसूची
द्विबिंदू वर्गीकरण
डेक्कन कॉलेज, पुणे
शब्दकोश
संशोधन पद्धती